ठिपके दिसले म्हणून कोरफड फेकू नका

सोसायटीच्या ग्रुपपासून माहेरच्या ग्रुपपर्यंत सध्या एकच मेसेज फिरतोय. ‘सावधान! पानांवर पांढरे ठिपके असलेली कोरफड जंगली आणि विषारी असते. पान कापल्यावर पिवळं पाणी आलं तर ती नकली. पान तांबूस पडलं तरी नकली. खरी कोरफड हिरवीगार, बिनठिपक्यांची. तिचा गर रोज उपाशीपोटी घ्या.’ हे वाचून आमच्या मजल्यावरच्या काकूंनी चांगली रसरशीत कुंडी कचऱ्याच्या डब्याशेजारी नेऊन ठेवली, तेव्हा म्हटलं, आता लिहायलाच हवं.

आधी ठिपके. ॲलो व्हेराच्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या कोरफडीच्या, बुडाशी जे मुनवे फुटतात, त्यांच्या कोवळ्या पानांवर पांढरे ठिपके असतातच. या वयात पानंही समोरासमोर, दोनच रांगांत येतात, त्यामुळे रोप आईपेक्षा अगदी वेगळं दिसतं. वाढलं की पानं चहूबाजूंनी फिरून गुच्छ होतो आणि ठिपके बहुतेक पुसले जातात. नर्सरीतून आपण आणतो ते छोटं रोप म्हणजे बऱ्याचदा असा मुनवाच. त्याला ठिपके नसतील तर नवल. शिवाय मोठेपणीही ठिपके टिकणारा, नारिंगी फुलांचा एक प्रकार लागवडीत आहे. काही वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला व्हेराचाच ‘चायनेन्सिस’ प्रकार म्हणतात, काही वेगळा मानतात. जिथे जाणकारांचं एकमत नाही, तिथे मेसेज लिहिणाऱ्याने एका ओळीत निकाल लावलाय!

ठिपकेवाली दुसरी जात आहे, हे खरं. दक्षिण आफ्रिकेची ॲलो मॅक्युलाटा कुंड्यांत हौसेने लावतात. तिची पानं आखूड, बुडाशी रुंद, टोकाला वाळून तपकिरी झालेली. ठिपके लांबट आणि आडव्या पट्ट्यांत जुळलेले. कडेचे काटे कडक, तपकिरी. व्हेराचे काटे फिके आणि मऊसर. पण शंका खरी फिटते ती फुलावर. व्हेराचा तुरा उभा, लांबट, आणि त्यावर पिवळी नळीदार फुलं खाली मान घालून लटकतात. मॅक्युलाटाचा तुरा माथ्यावर सपाट, फुलं केशरी-लाल, आणि प्रत्येक फूल देठाशी फुगीर होऊन लगेच आवळलेलं. एक फूल चिमटीत धरून पाहा, तो फुगवटा नुसत्या डोळ्यांना दिसतो. अडचण एवढीच की आपल्या अंधाऱ्या ग्रिलमधली कोरफड फुलायचं नावच घेत नाही. तोवर नर्सरीवाल्याच्या शब्दावर किंवा व्हॉट्सॲपवर जात ठरवू नये.

‘जंगली म्हणजे विषारी’ हेही तसंच अर्धवट. ॲलोच्या पाचशेहून जास्त जाती आहेत आणि पूर्व आफ्रिकेतल्या काहींमध्ये खरोखर घातक अल्कलॉइड, म्हणजे विषारी द्रव्यं, आहेत. पण त्याचा ठिपक्यांशी संबंध नाही. लाल फुलांची, झुडपासारखी फांद्या फोडणारी ॲलो आर्बोरेसेन्स जपानात घरगुती औषध म्हणून वापरतात. म्हणजे ‘व्हेरा नाही म्हणून विष’ हेही चालत नाही.

तांबूस पानांवर फार वेळ घालवत नाही. मे महिन्यातलं ऊन आणि कोरडी माती यांनी खरी कोरफडही तांबूस होते. कुंडी सावलीत सरकवा, रंग बहुधा परत येतो.

खरी गल्लत होते ती घायपातीशी, आणि मेसेजमध्ये नेमका तिचाच पत्ता नाही. घायपात अमेरिका खंडातली. तिच्या पानाचं टोक सुईसारखं टणक, पान फाडलं तर दोर निघतात, चीक लागला तर अंगाला खाज सुटते, आणि तुरा एकदाच येऊन ते झाड मरतं. कोरफडीचं पान कापलं की स्वच्छ तुटतं, आत काचेसारखा गर असतो, धागे नसतात.

आता पिवळं पाणी. इथे मेसेज पार उलटा आहे. सालीच्या लगेच आत असलेला हा कडू चीक खऱ्या ॲलो व्हेरामध्ये असतोच. पान कापून ग्लासात उभं ठेवा, तो ओघळून तळाशी साचतो आणि हवेत काळपट होत जातो. हाच चीक आटवला की काळा बोळ. त्यातलं ॲलोइन हे द्रव्य जोरदार रेचक, म्हणजे जुलाब करणारं, आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने २००२ साली हा चीक असलेल्या रेचकांची विनाचिठ्ठी विक्री बंद केली, कारण सुरक्षिततेची पुरेशी माहिती कंपन्यांनी दिली नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अख्ख्या पानाच्या अर्काला ‘कर्करोगकारक असू शकतो’ अशा २-बी गटात ठेवलंय, मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांवरून.

म्हणजे मेसेजप्रमाणे ‘खरी’ कोरफड शोधून सालीसकट मिक्सरला लावणाराच जास्त धोका पत्करतो. गर घ्यायचाच तर चीक पूर्ण ओघळू द्या, साल जाडसर सोला, गर धुवा. गरोदर बायकांनी आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो पोटात घेऊ नये, मग पानावर ठिपके असोत की नसोत.