थिएटर चालवू नका, वाढवा

फोंड्याला नाहीतर म्हापशाला वडिलोपार्जित भाट, म्हणजे बागायत, आहे आणि पोफळीपेक्षा पॉपकॉर्नमध्ये जास्त पैसा, हे उमगलंय? उत्तम. एकच पथ्य पाळा: सिनेमाची आवड असेल तर या धंद्यात पडू नका. आवडीचा माणूस पडद्याकडं बघत बसतो आणि गल्ला रिकामा राहतो.

इमारत जमल्यास सरकारच्या जागेत साधा. २००४ साली इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला, पणजीत जुन्या गोमेकॉच्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारात मल्टिप्लेक्स उभं राहिलं आणि चालवायला आलं आयनॉक्स. मुहूर्त असा हवा!

मग बांधत बसू नका, विकत घ्या. आयनॉक्सनं २०१० मध्ये फेम ही थिएटरांची साखळी घेतली, २०१४ मध्ये सत्यम. तिकडं दुसऱ्या बड्या साखळीनं, पीव्हीआरनं, २०१२ मध्ये सिनेमॅक्स उचललं, २०१८ मध्ये चेन्नईचं एसपीआय. नकाशावर टिंबं वाढली पाहिजेत. पाठीमागच्या रांगेतली खुर्ची मोडलीय, हे प्रेक्षक बसल्यावर कळेलच.

खरी कमाई मध्यंतरात. बाहेरचं खाणं आत आणायला मनाई करण्याचा हक्क जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच मान्य केलाय, त्यामुळं घरचा चिवडा दारातच अडवा. पिण्याचं पाणी मात्र फुकट द्यावं लागतं. ते शौचालयाच्या वळणावर, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. नळ थेंबथेंब गळेल एवढाच उघडा आणि पेला एकच ठेवा.

आणि वेळेत विका, हे सगळ्यात महत्त्वाचं. ॲडलॅब्ज ही थिएटरांची साखळी रिलायन्सकडं गेली, तिची बिग सिनेमाज झाली, २०१४ च्या अखेरीस ती कार्निव्हल नावाच्या कंपनीनं घ्यायचं ठरवलं आणि पुढं कार्निव्हलच कर्जात रुतली. गोव्याच्या कार्निव्हल उत्सवाचा राजा, किंग मोमो, त्यालाही चौथ्या दिवशी मुकुट उतरवावा लागतो, हे गोंयकाराला तरी वेगळं सांगायला नको.

विक्रीला विक्री मात्र म्हणू नका, विलीनीकरण म्हणा. मार्च २०२२ मध्ये घोषणा, फेब्रुवारी २०२३ मध्ये काम फत्ते: आयनॉक्सच्या दहा शेअरांमागं पीव्हीआरचे तीन. जुन्या थिएटरांच्या पाट्या तशाच ठेवायचं ठरलं, म्हणजे रंगाऱ्याचाही खर्च वाचला.

गिऱ्हाइकाला यातलं काही कळायची भीती नाही. तो खिडकीशी येऊन एवढंच विचारतो, "मराठी सिनेमा लागलाय का हो?"

"लागलाय. सकाळी नवाचा, एकच शो." पोरगा मान वर न करता सांगतो. "कॉम्बो दिवूं?"