पहिलं माहेरी, दुसरं सासरी

आज सव्वा महिना झाला. धाकटी झोपली आहे, थोरली आजोबांबरोबर खाली ओट्यावर खेळते आहे. मनात साचलेलं आत्ताच लिहून काढते, नाहीतर राहूनच जाईल.

डिसेंबरची रात्र होती. बाळंत होऊन सहा-सात तास झाले होते. पहिल्या खेपेला चौदा तास कळा दिल्या होत्या, या वेळी हॉस्पिटलात पोचल्यावर चार तासांत सुटका झाली. जो तो म्हणत होता, किती सुटसुटीत झालं बाई! मलाही तसंच वाटत होतं. मग नर्सने बाळाला पाजायला जवळ दिलं. बाळाने दोन-चार वेळा ओढलं आणि माझ्या ओटीपोटात अशी कळ आली की मी पलंगाची दांडी आवळून धरली. पुन्हा ओढलं, पुन्हा कळ. अगदी बाळंतपणाच्याच कळा. मला वाटलं, आत काहीतरी राहिलंय. घाबरून बेल दाबली. नर्सने पोट दाबून पाहिलं, पॅड पाहिला आणि म्हणाली, "दूसरा बच्चा है ना? दूसरे में ज़्यादा होता है."

नऊ महिने दर तपासणीला जात होते. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

सकाळी डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी नीट समजावलं. बाळ चोखायला लागलं की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन सुटतं. त्याने दूध उतरतं आणि गर्भाशयही आकसतं. ते आकसलं की रक्तस्राव आटोक्यात राहतो, म्हणजे या कळा शरीराच्या भल्याच्याच. पहिलटकरणीचं गर्भाशय आवळून बऱ्यापैकी तसंच राहतं. आधी एकदा ताणलेलं असलं की ते आवळतं, सैलावतं, पुन्हा आवळतं, आणि तेच दुखतं. दोन-तीन दिवसांत कमी होतं, डॉक्टरांना विचारून गोळी घेता येते. पाजायच्या आधी लघवीला जाऊन आलं तर त्रास थोडा कमी होतो. दोन मिनिटांचं बोलणं. हेच आधी कळलं असतं तर ती रात्र मी रडत काढली नसती.

पहिलटकरीण हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. दुसऱ्यांदा बाळंत होणारीला काय म्हणायचं, ते मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. शब्द नाही, आणि तिची वेगळी विचारपूसही नाही.

पहिलं बाळंतपण उज्जैनला माहेरी झालं. सव्वा महिना आईने मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. सकाळी तेल लावून अंघोळ, मग शेक-शेगडी, ओवा-बाळंतशेपाची धुरी, डोक्याला स्कार्फ, पोटाला जुन्या नऊवारीचा पट्टा. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, जेवणानंतर बाळंतशेपा. रात्री बाळ रडलं की माझ्या आधी आई उठायची. दुसरं सासरी करायचं ही आपली रीतच, म्हणून या खेपेला इंदूरला राहिले. सासूबाईंबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगते. त्यांचे गुडघे पार गेलेत, तरी पाचवीला पाटा-वरवंटा मांडून सगळी पूजा केली. सटवाईने नशीब लिहावं म्हणून ठेवलेल्या कोऱ्या कागदावर सकाळी थोरलीच्या तांबड्या क्रेयॉनच्या रेघोट्या निघाल्या. मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी तो कागद घडी करून देवाच्या डबीत ठेवला.

पण घरात, फोनवर, भेटायला येणाऱ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं: "तुला काय, तुला सगळं येतं." हो, दुपटं गुंडाळता येतं. ढेकर काढता येते. पण टाके पुन्हा नव्याने पडलेत, रक्त पुन्हा गेलंय, झोप पुन्हा मोडलीय. येत असलं म्हणजे दुखत नाही का? पाचव्या दिवशी मी पोळ्या लाटत उभी होते. कुणी सांगितलं नव्हतं, पण कुणी नकोही म्हटलं नाही.

रक्ताचंच सांगते. सातव्या महिन्यात माझं हिमोग्लोबिन नऊवर आलं होतं. बाळंतपणानंतरही सहा महिने लोहाच्या गोळ्या घ्यायच्या असतात. थोरलीच्या वेळी आई रोज जेवणानंतर गोळी हातावर ठेवायची. या वेळी महिनाभराने ड्रॉवर उघडला तर थोरलीच्या रंगपेटीखाली गोळ्यांची पट्टी सापडली. दहातल्या चारच घेतल्या होत्या. रोज चक्कर येत होती आणि मी ती जागरणाची समजत होते.

आणि थोरली. पहिल्या खेपेला मी फक्त बाळाची आई होते, या खेपेला दोघींची. साडेतीन वर्षांची पोर. तिला थोडी सर्दी होती म्हणून आठ दिवस बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंतच येऊ द्यायचे. ती उंबऱ्यावर बसून आत बघत राहायची. नवव्या दिवशी हातात कंगवा घेऊन आली. आठ दिवस तिच्या बाबांनी जमेल तशा वेण्या घातल्या होत्या, मागे केसांचा पार गुंता झाला होता. मला टाक्यांमुळे मांडी घालता येत नव्हती. मी पलंगाच्या कडेला बसले, पाय खाली सोडले, मध्ये पाट ठेवून तिला बसवलं. एकेक बट धरून, खोबरेल लावून गुंता सोडवला. एरवी कंगवा लागला की घर डोक्यावर घेणारी पोर, तेव्हा हूं की चूं केलं नाही. अर्धा तास गेला. मध्येच धाकटी उठून रडू लागली. थोरलीने मागे वळून न बघता माझा गुडघा दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला. मी धाकटीला रडू दिलं. दोन मिनिटं असेल, पण दिलं. दुसरी वेणी पूर्ण घातली आणि मगच उठले. यात माझं चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

दुसरीही मुलगीच, यावर फोनवर जे सुस्कारे ऐकले त्यांबद्दल लिहून वेळ घालवत नाही.

मालिशला येणाऱ्या बाई माळव्यातल्या, साठीच्या पुढच्या. पहिल्याच दिवशी माझी पाठ चोळताना म्हणाल्या, "बेटा, दूसरा जापा पहले से भारी होता है. देह दो बार खुली है." सव्वा महिन्यात माझ्या शरीराबद्दल आपणहून बोललेलं हे एकच माणूस. त्यांच्याच सुनेचं दुसरं बाळंतपण माझ्या आधी महिनाभर झालं. मुलगा झाला. सरकारच्या मातृवंदना योजनेत पहिल्या मुलासाठी पाच हजार मिळतात. एप्रिल 2022 पासून दुसऱ्यासाठीही सहा हजार आहेत, पण मुलगी झाली तरच. मुलीच्या जन्माचं स्वागत व्हावं हा हेतू मला मनापासून पटतो. पण आईच्या अंगातलं रक्त मुलगा झाला म्हणून कमी जात नाही. ती सून विसाव्या दिवशी दुसऱ्यांच्या घरची भांडी घासायला गेली. दुसऱ्या बाळंतिणीच्या पोटात दूध-तूप जावं म्हणून दिलेला पैसा बाळ कोण आहे हे बघून का द्यायचा?

नोकरदार बायकांच्या कायद्यात तरी हा भेद नाही. 2017 च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन्ही मुलांना सारखीच सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा आहे, तिसऱ्यापासून बारा. तरी रजेचा अर्ज दिला तेव्हा ऑफिसात मला विचारलंच, "दुसऱ्या वेळीही पूर्ण सहा महिने?" मी हो म्हटलं. आवाज थरथरला, पण म्हटलं.

आईला मी फोनवर काहीच सांगत नव्हते. एकदा बोलता बोलता रडू फुटलं. ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आली, बाळाकडे बघितलंही नाही. आधी मला जेवायला वाढलं, मग थोरलीला घेऊन गच्चीवर उन्हात गेली. मी तीन तास झोपले. बाळंत झाल्यापासूनची माझी पहिली सलग झोप.

माझ्या चुलत नणंदेला फेब्रुवारीत दुसरं होणार आहे, इथेच, लोकमान्य नगरात. पाजताना येणाऱ्या कळांबद्दल मी तिला कालच फोनवर सगळं सांगितलं. ती गप्पच झाली, मग म्हणाली, वहिनी, हे मला कुणी बोललंच नव्हतं. बाळ बघायला मी बारशालाच जाईन. त्याआधी रोज संध्याकाळी तिच्या मोठ्याला आणि माझ्या थोरलीला घेऊन दोन तास नेहरू पार्कात जाणार आहे. धाकटीला तेवढा वेळ तिचे बाबा सांभाळतील. अळिवाचे लाडू आजच वळायला घेतलेत. डब्यावर चिठ्ठी लावणार आहे: हे पाहुण्यांसाठी नाहीत.