धाकटे शेठ, सॉफ्टवेअर घ्याच!

अभिनंदन! मोठ्या शेठनी गल्ल्याची किल्ली तुमच्या हाती दिली, कार्डावर ‘डायरेक्टर’ छापून आलं आणि पुण्याचा सेमिनार आटोपून परतताना जळगाव एमआयडीसीतली आपली डाळ मिल तुम्हाला एकदम जुनाट दिसू लागली. लक्षणं उत्तम आहेत. आता मागे हटू नका.

सगळ्यात आधी एक पथ्य पाळा. डिस्पॅचच्या टेबलावर बसणाऱ्या आप्पांना काहीही विचारू नका. कोणती गाडी कोणत्या व्यापाऱ्याची, कोणाचं पोतं काट्यावर पुन्हा चढवायचं, कोणाला उधारी द्यायची नाही, हे सगळं त्यांना पाठ असतं. अशा माणसाला विचारलं की तो शंका काढतो, आणि शंकांना पीपीटीत जागा नसते. त्यापेक्षा बाहेरून सल्लागार बोलवा. तो ऑफिसच्या काचेतून अर्धा तास मिल पाहील, दुपारी शेवभाजी आणि कळण्याची भाकरी खाऊन घाम पुसेल आणि जाताना सांगेल, ‘इथे खूप पोटेन्शियल आहे.’ बिल मागाहून येतं. ते वाचताना बसून घ्या.

सॉफ्टवेअर निवडताना स्क्रीनचा रंग पाहा, बाकी सगळं सारखंच असतं. त्यात मालाची प्रतवारी निवडायची एक यादी असते. आपल्या बाजारातली ‘फटका’ त्या यादीत सापडणार नाही. तिथे ‘प्रीमियम’, ‘स्टँडर्ड’ आणि ‘डॅमेज्ड’ असेल. फटका म्हणजे तूरडाळीतला वरचा माल, पण संगणकावरचं पोरगं गोंधळून ‘डॅमेज्ड’ दाबेल आणि महिनाभर तुमचा सगळ्यात चांगला माल कागदोपत्री खराब दिसेल. हरकत नाही, डेटा तर जमा होतोय!

खरी मजा घटीची. क्विंटलभर तूर भरडली की साधारण ७० ते ७५ किलो डाळ हाती येते. बाकी चुनी म्हणजे डाळीचा चुरा, भुसा, आणि वाळवताना उडालेलं पाणी. हे इथला हमालसुद्धा सांगेल. सॉफ्टवेअरला मात्र ऊन माहीत नाही. आत शंभर, बाहेर पंचाहत्तर, चुनी-भुसा मिळवूनही काही किलो कमीच. लगेच तो आकडा लाल होतो. तुम्ही लाल आकडा पाहिला की ताबडतोब चौकशी लावा. वीस वर्षं इमानानं पोती मोजणाऱ्या माणसाला केबिनमध्ये बोलवून ‘हे किलो गेले कुठे?’ असं विचारा. तो वर बघेल. उद्धटपणा समजू नका, बिचारा सूर्य दाखवतोय.

हजेरीचं यंत्रही घ्या. पोती उचलून ज्यांच्या बोटांच्या रेघाच पुसट झाल्यात, त्यांचं बोट ते ओळखणार नाही. मग चेहरा ओळखणारं आणा. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे सरकला की इथे प्रत्येक डोकं पांढऱ्या बागायतदार रुमालात गुंडाळलेलं असतं, डोळे तेवढे उघडे. गेटवर रांग लावून एकेकाला रुमाल सोडायला लावा. त्यात पाऊण तास गेला तर तो उशिराच्या खात्यात मांडा. यंत्राच्या नाही, हमालाच्या.

एवढं झालं की सगळ्यांना एकत्र बसवून भाषण द्या. इथल्या भाषणाला अमळनेरचा दाखला लागतोच. १९४५ साली तिथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली आणि पुढे तीच विप्रो झाली. टाळ्या पडतात. मधल्या पस्तीसेक वर्षांत तिथे मुख्यतः तेल आणि साबण विकला जात होता, संगणक नंतर आला, हा भाग गाळा. तुमच्या सल्लागारानं सहा महिन्यांत रूपांतर करून देतो असं लिहून दिलंय ना?

भाषणात ‘आपले लोक बदलाला घाबरतात’ हे वाक्य हवंच. समोर बसलेले हमाल चहाचे पैसे मोबाइलवरून देतात, तिकडे लक्ष देऊ नका. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, पुढच्या वर्षी ई-वे बिल आलं, तेव्हा याच आप्पांनी चष्मा पुसत ते शिकून घेतलं, कारण बिलाशिवाय निघालेली गाडी रस्त्यात अडली असती. त्यांना कोणी प्रेरणादायी व्हिडिओ दाखवला नव्हता. कामाला लागतं ते माणूस शिकतो. हे तुम्ही मनावर घेऊ नका, नाहीतर सल्लागाराचं कसं व्हायचं?

कोणी इतिहास काढलाच तर विषय बदला. अमेरिकेत वीज आली तेव्हा कारखानदारांनी वाफेचं इंजिन काढून तिथे एक मोठी मोटर बसवली, आणि सगळी यंत्रं फिरवणारे छताखालचे दांडे-पट्टे तसेच ठेवले. फरक फारसा पडला नाही. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर लागून कारखान्याची मांडणीच बदलली तेव्हा, म्हणजे १९२० च्या दशकात, उत्पादन वाढलं. तुम्ही मांडणीला हात लावू नका. जुनं काम तसंच ठेवा, वर सॉफ्टवेअर चढवा. म्हणजे प्रत्येक नोंद दोनदा होईल, एकदा संगणकात आणि एकदा आप्पांच्या वहीत. दोन्ही जुळल्या नाहीत की वही खरी निघते, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्हालाही, पण बोलू नका.

आता एआयचं. ते न घेणं बरं दिसणार नाही, म्हणून ट्रान्सपोर्टवाल्यांना पत्रं लिहायला लावा. ‘आपल्या दृढ व्यावसायिक संबंधांच्या अनुषंगाने’ वगैरे दीड पान जाईल. समोरून उत्तर येईल, ‘ओके भो. गाडी कव्हा?’

मग आप्पा निवृत्त होतील. शाल, नारळ, गटात फोटो. टेबल मोकळं झालं की तिथे स्क्रीन लावा. सोमवारी गेटवर चार गाड्या उभ्या राहतील, ड्रायव्हर बिल्टी म्हणजे मालाची पावती मागतील, आणि संगणकावरची पोरं एकमेकांकडे पाहतील. घाबरू नका. आप्पांच्या घरी फोन लावा. सून सांगेल, शेतात गेलेत. स्वतः गाडी घेऊन बांधावर जा आणि आठवड्यातून तीन दिवस तरी या म्हणून विनवा.

ते येतील. फक्त त्यांनी मागितलेला दिवसाचा दर ऐकून दचकू नका. सल्लागाराचं बिल आलं त्या दिवशी सॉफ्टवेअर बंद होतं, आणि ते बिल वहीत आप्पांनीच चढवलं होतं.