'एक राज्य, एक भाषा' घटनेत कुठे लिहिलंय?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय: "भाषावार प्रांतरचना म्हणजे एक राज्य, एक भाषा. कर्नाटकात राहून मराठीत अर्ज, परिपत्रकं, शाळा मागणं घटनाविरोधी आहे."

सुरुवातच चुकीची. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५च्या अहवालात 'एक भाषा, एक राज्य' हा सिद्धांत नाकारला होता. १ नोव्हेंबर १९५६ला चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात (आताच्या कर्नाटकात) गेला, त्याच दिवशी सातवी घटनादुरुस्ती अमलात आली. तिने कलम ३५०अ आणि ३५०ब आणलं: प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय, आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी. सीमा आखतानाच पलीकडे उरणाऱ्यांचा विचार झाला होता.

"राजभाषा कन्नड आहे ना?" आहे, १९६३च्या कायद्याने. पण कलम ३४५ विधिमंडळाला एक किंवा अधिक भाषा निवडू देतं. एकच निवडणं हा कर्नाटकाचा निर्णय, घटनेची सक्ती नव्हे.

आता अर्ज. कलम ३५०प्रमाणे गाऱ्हाणं केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत, कोणत्याही अधिकाऱ्याकडे मांडता येतं. मात्र हे कलम गाऱ्हाण्यापुरतं आहे. जमिनीच्या उताऱ्यासाठीचा छापील फॉर्म मराठीत मिळावा किंवा उत्तर मराठीतच यावं, असं ते म्हणत नाही. इथेच आपली माणसं गोंधळतात. म्हणून विषयाच्या ओळीत 'तक्रार निवारणासाठी निवेदन, कलम ३५०' असं लिहावं, दोन प्रती न्याव्यात आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्यावा. पोच नसेल तर अर्ज नाकारला हे सिद्ध करायचं कशाने?

परिपत्रकांबाबत आपल्या बाजूचाही एक दावा तपासायला हवा. 'घटनेतले १५ टक्के' असं सर्रास बोललं जातं, पण हा आकडा घटनेत नाही. एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून जास्त असतील, तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, हे केंद्र आणि राज्यांनी मान्य केलेल्या संरक्षण योजनेत आहे. ती प्रशासकीय योजना असल्याने कोर्टात तिचं वजन कलमाएवढं नसतं. निवेदनात तिला घटना म्हटलं, की समोरचा वकील तेवढंच धरून बसतो.

शाळेचा निकष १९४९पासूनचा: शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुलं असली तर मातृभाषेतून शिकवणारा निदान एक शिक्षक. त्यामुळे मुलांची यादी पालकांच्या सह्यांसह वर्ष सुरू होण्याआधीच द्यावी.