तात्याची सहा महिन्यांची सोय

लेकीचं बाळंतपण अमेरिकेत म्हटल्यावर टेन्शन कशाचं पाहिजे, तर व्हिसाचं, जानेवारीतल्या थंडीचं, डिंकाचे लाडू तिकडचे कस्टमवाले आत सोडतील का याचं. आमचं हे सगळं बिनबोभाट झालं. व्हिसाच्या खिडकीतल्या बाईने मुलगी कुठे असते, परत कधी येणार एवढंच विचारलं आणि या म्हणाली. अडलं ते तात्यापाशी.

तात्या म्हणजे आमचा कुत्रा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लेकीने सोसायटीच्या गेटवरून उचलून आणला, तेव्हा तळहाताएवढा होता आणि कपाळाला आठ्या होत्या, म्हणून तात्या. पुढे लेक लग्न करून न्यू जर्सीला गेली आणि तात्या माहेरीच राहिला. आता तो सोफ्याच्या ज्या कोपऱ्यात बसतो तिथे पूर्वी मी बसायचो.

जावई म्हणाले, घेऊन या ना त्यालाही. बोलायला काय जातंय. १ ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिकडच्या रोगनियंत्रण खात्याने, बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांचे नियम कडक केलेत, भारत त्यांच्या रेबीजच्या हाय रिस्क यादीत आहे, म्हणजे मायक्रोचिप पाहिजे, मग लस, मग रक्त काढून त्यांना मान्य असलेल्याच लॅबला पाठवायचं, मग त्यांनी नोंदणी केलेल्या केंद्रात आधी बुकिंग करायचं, आणि असं केंद्र ज्या विमानतळावर आहे तिथेच उतरायचं, आणि टेस्टचा रिपोर्ट नसला तर २८ दिवस क्वारंटाइन. आमचं स्वतःचं एवढं कुणी बघितलं नव्हतं. आणि मुळात तात्याला लिफ्टमध्येसुद्धा उलटी होते.

नातेवाईकांचं सांगतो. मेव्हणा दर दिवाळीत "तात्या तर आमचाच आहे हो" म्हणतो. सहा महिने हा शब्द ऐकल्यापासून त्याचा फोन कव्हरेजच्या बाहेर आहे.

म्हणून मग बोर्डिंग, म्हणजे कुत्र्यांचं वसतिगृह. लेकीने तिकडून एक्सेल शीट पाठवली, त्यात रंग भरलेले, हिरवा म्हणजे बघून या, पिवळा म्हणजे फोन करा. नोव्हेंबर असल्यामुळे मी बँकेत हयातीच्या दाखल्याच्या रांगेत उभा होतो आणि नेमका तेव्हाच पिवळ्यातल्या एकाचा उलट फोन आला. मला ऐकू जरा कमी येतं त्यामुळे मी बोलतो मोठ्याने, त्याला माझा इलाज नाही.

"हो हो, तात्यासाठीच विचारत होतो, सहा महिने ठेवायचंय. नाही हो, त्रास काही देत नाही. दात सगळे शाबूत आहेत पण चावत नाही. रात्री ओरडतो कधीकधी, फटाके वाजले की पलंगाखाली जाऊन बसतो. शी-शूचं सांगतो ना, दारापाशी जाऊन उभा राहतो. साखळीची सवय आहे. हो, नसबंदी झालीये."

फोन ठेवला तर रांग शांत. पुढचे एक गृहस्थ, रिटायर्ड हेडमास्तर असणार, आवाजच तसा होता, ते पूर्ण वळले आणि म्हणाले, "अहो, जन्मदाता आहे तो तुमचा! आणि वर अरेतुरे करता?" मी म्हटलं कुत्रा आहे तो. यावर मागच्या काकू म्हणाल्या, "बघा बघा, काय बोलतोय बापाला." मग मोबाईलमधला फोटो काढून दाखवायला लागला. हेडमास्तरांनी चष्मा वर करून नीट बघितला, पण माफी वगैरे नाही, "नाव बदला" म्हणाले.

हिरव्यांपैकी पहिलं मुळशीच्या बाजूला. काय थाट! कमानीवर पंजे, आत स्विमिंग पूल, एसी खोल्या, खोलीत टीव्ही. आमच्या घरात एसी एकच आहे आणि तोसुद्धा लाईटबिलाकडे बघून लावतात. तिथल्या मुलीने फॉर्म दिला, त्यावर पेरेंट्सचं नाव, आम्ही दोघांनी सह्या केल्या, ही जरा लाजली पण. रेट दिवसाला हजार. सहा महिन्यांचे १,८०,००० झाले, लाँग स्टे म्हणून दहा टक्के सूट, म्हणजे १,६२,०००, नाताळच्या आठवड्याचे वेगळे. मी मनात दोघांच्या विमानाच्या तिकिटांशी ताळा करत होतो तेवढ्यात हिने एक प्रश्न टाकला, रात्री इथे कोण झोपतं? ती मुलगी म्हणाली, वॉचमन असतात ना. वॉचमन कुठे, तर कमानीपाशी. कमान तिथून एवढी लांब की मध्ये एखादा कुत्रा आचके देत असला तरी त्याला सकाळीच कळणार. सीसीटीव्ही आहे म्हणाली, तुम्ही अमेरिकेतून बघू शकता. म्हणजे आम्ही न्यू जर्सीतून बघायचं आणि मुळशीच्या वॉचमनला फोन करून उठवायचं.

तिथून आमचा निकष ठरला. पूल-बिल राहू दे, तात्याला तसंही पाण्याची भीती, रात्री कोण असतं आणि आजारी पडला तर काय करता हे आधी विचारायचं. आणि विचारून बघा, निम्म्या जागा या दोन प्रश्नांतच गळतात. बाणेरची एक बाई फार प्रेमळ, स्वतःच्या फ्लॅटमध्येच ठेवते, कुत्री सगळी सोफ्यावर, तात्याला पण लगेच आवडलं, पण बोलता बोलता म्हणाली, मे महिन्यात मी मनालीला जातेय, तेव्हा माझी फ्रेंड बघेल, फ्रेंडला मांजर आहे. वाघोलीकडच्या एकाने तर ऑफिसातच बसवून ठेवलं, चहा पाजला, अल्बम दाखवला, मागे जाऊन बघू म्हटलं तर हायजिनमुळे सोडत नाही म्हणाला. पण मागून फिनेलचा आणि दुसराही एक वास येत होता आणि खिडकीतून पत्र्याची शेड दिसत होती. पुण्याचा एप्रिल-मे, वरती पत्रा, खाली कुत्रं. ही चहा अर्धा टाकून उठली, आणि ही चहा टाकत नाही.

शेवटी जे सापडलं ते एक्सेलमध्ये कुठल्याच रंगात नव्हतं, आमच्या कुत्र्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. खेड शिवापूरच्या पुढे आत एक शेत, कमान नाही, बोर्ड नाही. लष्करातून रिटायर झालेले गृहस्थ, मेरठच्या आरव्हीसी सेंटरला, म्हणजे लष्कराच्या पशुवैद्यकीय दलात, श्वानपथकातली कुत्री सांभाळण्यात सगळी नोकरी काढलेली, आणि त्यांची बायको. स्वतःची खाट कुत्र्यांच्या खोल्यांच्या मधल्या पडवीत. हिने पहिला प्रश्न विचारायच्या आधीच तिला उत्तर दिसलं.

मग त्यांनीच आमची परीक्षा घेतली. अँटिरेबीज कधी दिलं, नाइन इन वन कधी, केनेल कफची लस झालीये का, गोचिडाची गोळी शेवटची कोणत्या तारखेला. मला माझ्या बीपीच्या गोळीची तारीख सांगता येत नाही. म्हणाले, पावसाळा लागला की गोचीड वाढतात, टिक फीव्हर झाला तर पहिल्यांदा जेवण सोडतो, मग ताप, रक्त तपासायला लगेच न्यावं लागतं. तेव्हा मी तुम्हाला विचारत बसणार नाही. आमच्या इथे दुपारचे बारा वाजले असतील, तुमच्याकडे थंडीत रात्रीचा दीड, तुम्ही घोरत असाल. किती खर्चापर्यंत विचारायचं नाही ते इथे लिहा आणि सही करा.

लिहिलं. मग म्हणाले, आणि काही बरंवाईट झालं तर? तुम्ही येईपर्यंत थांबवून ठेवायचं, की इथेच शेतात, आंब्याखाली पुरायचं? हा प्रश्न आम्हाला कुठल्याही कमानीखाली कुणी विचारला नव्हता. ही बाहेर गेली, पदराने नाक पुसलं, परत आली आणि म्हणाली, आंब्याखाली चालेल, पण तशी वेळ येऊ देऊ नका.

तात्या या सगळ्या वेळात त्यांच्या पायावर बसून होता. त्यांनी कडक आवाजात "सिट!" म्हटलं, तात्याने इकडेतिकडे बघितलं. हिने सांगितलं, त्याला इंग्लिश येत नाही, "बस की रे मेल्या" म्हणा. त्यांनी फौजी आवाजात ते म्हटलं आणि तात्या बसला. त्यांच्या बायकोने तोंडाला पदर लावला.

पैसे ठरले, मुळशीच्या निम्म्याहून कमी, वर चिकन-भात त्यांचा, गोधडी आमची. न धुतलेली आणा म्हणाले, घरचा वास पाहिजे. शनिवार-रविवार ट्रायलला ठेवला. पहिल्या रात्री जेवला नाही, ते त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून आम्ही फोन फारसे केले नाहीत, म्हणजे मी केले नाहीत. दुसऱ्या दिवशी ताट चाटून मोकळा.

लेकीने व्हिडिओ कॉलवर विचारलं, बाबा, पण सीसीटीव्ही? म्हटलं, सीसीटीव्ही पडवीत खाटेवर झोपतो.

आणायला गेलो तेव्हा ते गेटपर्यंत सोडायला आले आणि अगदी सहज म्हणाले, एक सांगून ठेवतो काकू, सहा महिन्यांनी परत आलात की सुरुवातीला ओळख दाखवणार नाही हा. रुसतात. मनाला लावून घ्यायचं नाही.

गाडीत बसल्या बसल्या हिने विचारलं, "अहो, आपली तिकिटं रिफंडेबल आहेत का?"