नोटीस एकवीस दिवसांची, बातमी त्याआधीची

२१ नोव्हेंबर २०२५ला चार कामगार संहिता (जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेले नवे कायदे) लागू झाल्यापासून भारतातल्या मित्रांशी फोनवर एकच वाद रंगतो. कामगार कपातीसाठी सरकारी परवानगीची अट शंभराऐवजी तीनशे कामगारांपासून लागू केली, ते बरं की वाईट? एक जण म्हणतो, युनियनला कुठलाच बदल नको असतो. दुसरा म्हणतो, मालकाला रान मोकळं झालं. बदलाची बातमी माणसाला कुणाकडून कळते आणि कळल्यावर तो कुणाला विचारायला जातो, हे मात्र कुणीच काढत नाही. माझ्या मते निम्मा विरोध किंवा होकार तिथेच ठरतो.

मी जर्मनीत नोकरी करतो. इथे पाच कायम कर्मचारी असले की कामगार परिषद, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींचं मंडळ, निवडता येते. वीसहून जास्त कर्मचारी असतील आणि मोठी फेररचना करायची असेल, तर आधी परिषदेला सांगून तिच्याशी बोलणी करावी लागतात. दर तिमाहीला सगळ्यांची सभाही व्हायला हवी. लांबून बघणाऱ्याला हेवा वाटेल.

आमच्याकडे दोन विभाग एकत्र करायचे ठरले तेव्हा हे सगळं रीतसर झालं. पण लोकांचं मत बनलं ते जेवणाच्या टेबलावर, हिशेब विभागातल्या एका बाईंभोवती. त्यांना मोठं पद नाही. साहेब आले नि गेले, पण कुठली फाइल कुठे अडकते हे त्यांनाच ठाऊक. त्या ‘जमेल’ म्हणाल्या आणि बराचसा मजला निवळला. आम्ही भारतीय मात्र त्या टेबलावर नसायचो. आमचा वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप, त्यात सगळे सारखेच नवखे आणि सारखेच व्हिसाच्या काळजीत. एकाची धास्ती संध्याकाळपर्यंत सगळ्यांची झाली. सभेत मात्र आमच्यापैकी कुणी तोंड उघडलं नाही, आणि साहेबांनी ते संमतीत धरलं.

ज्युली बाटिलाना आणि टिझियाना काशारो या अभ्यासकांनी ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतले ६८ बदल तपासले होते. बदल पुढे नेणाऱ्याची खुर्ची किती उंच, यापेक्षा अनौपचारिक ओळखींच्या जाळ्यात तो किती मध्यावर आहे, याने जास्त फरक पडत होता. काठावरच्यांशी, म्हणजे अजून मत न बनलेल्यांशी, जवळीक असली की नेहमीच फायदा. कट्टर विरोधकांशी दोस्ती लहानसहान बदलांत कामी येते, मोठ्या बदलांत उलट पाय ओढते. आपल्याकडे बदल लोकांच्या गळी उतरवायला ‘चेंज चॅम्पियन’ नेमतात ते बहुधा साहेबांच्या मर्जीतले. काठावरचा माणूस त्यांच्यासमोर मान डोलावतो आणि खरं काय ते दुसऱ्यालाच विचारतो.

भारतातल्या नव्या संहितांतही पगार, कामाचे तास, पाळ्या अशा बाबी बदलण्याआधी २१ दिवसांची नोटीस द्यायची जुनी तरतूद कायम आहे. ती राहिली हे चांगलंच. पण त्या एकवीस दिवसांत कामगार काय करतो? पाळी सुटताना बोलतो, ग्रुपवर विचारतो, कुणीतरी ‘आतली बातमी’ म्हणून पाठवलेलं पुढे ढकलतो. व्यवस्थापन त्याला अफवा म्हणतं. आधी नीट सांगितलं असतं तर अफवेला एवढी गिऱ्हाइकं मिळाली नसती, पण त्यावर चर्चासत्रं होत नाहीत.

आता काही कंपन्या ईमेल आणि चॅटवरून कोण कुणाशी किती बोलतं याचे नकाशे काढतात. त्याची मला खरी भीती वाटते. कुणाचा शब्द चालतो हे कळलं की त्याला विश्वासात घेता येतं, तसंच कपातीच्या पहिल्या यादीत घालून बाहेरही काढता येतं. जर्मनीत कर्मचाऱ्यांच्या वागण्यावर नजर ठेवू शकणारी यंत्रणा कामगार परिषदेच्या संमतीशिवाय बसवता येत नाही. तीनशेच्या आकड्यावर हिरिरीने भांडणाऱ्या माझ्या मित्रांपैकी एकानेही अजून हा विषय काढलेला नाही, आणि त्यातले निम्मे स्वतः अशी यंत्रणा विकणाऱ्या क्षेत्रात आहेत.