अंत पाहणारं नाणं

म्युनिकच्या एका नाणेबाजारात एका म्हाताऱ्या विक्रेत्याच्या खोक्यावर चिठ्ठी होती : 'रोमन, प्रांतिक, ओळख पटलेली नाही. ३ नग २५ युरो.' ज्याचा जन्म या धंद्यात गेला त्याला जमलं नाही ते तुला कसं जमणार, असं बायकोने रात्री विचारलं. तोवर पैसे देऊन झाले होते.

खुद्द रोमच्या टांकसाळीतली नाणी तशी सरळमार्गी. प्रांतिक म्हणजे भाऊबंदकी. साम्राज्याच्या पूर्वेकडे शेकडो गावं आपापली तांब्या-पितळेची नाणी पाडत. एका बाजूला सम्राट, दुसरीकडे गावचं काहीतरी, आणि मजकूर बहुधा ग्रीक. इफेससने आपली आर्टेमिस देवी उमटवायची, कप्पाडोकियातल्या सीझरियाने आपला आर्गेयस डोंगर. असलं काही मिळालं असतं तर मी रात्री वेळेवर जेवलो असतो. माझ्या नाण्यावर होत्या तीन काठ्या. १९ मिलिमीटर, साडेतीन ग्रॅम, तीन काठ्या.

दोन दिवस मी त्यांना त्रिशूळ समजत होतो. ती निघाली सैन्याची निशाणं, आणि त्यांच्या आजूबाजूला नि मधल्या फटींत अक्षरं कोंबलेली. जुळवल्यावर 'निकाइएओन', म्हणजे निकैयावाल्यांचं. आजचं तुर्कस्तानातलं इझनिक. गाव सापडलं म्हणून मी चहा टाकला. हा माझा शेवटचा सुखाचा चहा.

कारण आता सम्राट. चेहरा कोवळा, मिसरूडही न फुटलेलं. भोवतीचा मजकूर झिजून उरली होती तीन अक्षरं : अल्फा, न्यू, टाऊ. अंत. नाणं माझा अंत पाहणार हे त्याने लेखी दिलं होतं.

अंत म्हणजे अंतोनिनस असणार. पण कुठला? मार्कस ऑरेलियस अंतोनिनस, काराकल्ला अंतोनिनस, एलागाबालसही अंतोनिनस. या शेवटच्याच्या आजीने 'हा काराकल्लाचाच पोरगा' अशी आवई उठवून २१८ साली नातवाला गादीवर बसवलं. नावही तेच चिकटवलं. आजीचं राजकारण मी समजू शकतो, पण १८०० वर्षांनी भिंग घेऊन बसणाऱ्याचा काही विचार? वर तिसरा गॉर्डियन, २३८ साली तेराव्या वर्षी सम्राट झालेला. त्याचंही नाव मार्कस अंतोनियस. तोही 'अंत'च.

रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा मी नाणं टेबलावरच्या दिव्याखाली तिरकं धरून बसलो होतो. दाखवलं.

"आपल्या देवघरातल्या शिवराईसारखंच आहे की रे," आई म्हणाली. "तिच्यावरही 'छत्र' आहे, 'पति' नाही. ठसा मोठा, पैसा लहान."

"आई, या 'अंत'च्या पुढे काही दिसतंय?"

"जरा कलव. अजून. हां, इथे छप्पर आहे बघ. घराचं काढतात तसं."

छप्पर म्हणजे अल्फा (Α) किंवा डेल्टा (Δ). अल्फा तर शेवटच्या 'ऑगस्टस'मध्ये सगळ्यांनाच आहे. डेल्टा मात्र फक्त गॉर्डियनला. माझा आवाज चिरकला. "छपराखाली उंबरा आहे का?"

"आहे ना. चांगला जाड उंबरा आहे. चष्म्याचा नंबर वाढलाय तुझा."

गॉर्डियन! निकैया, २३८ ते २४४! मी धावत कॅटलॉग उघडला. हेच नाणं, हीच तीन निशाणं. इतकं सर्रास मिळणारं की ते लपवावं म्हणूनच म्हाताऱ्याने ओळख पटू दिली नसावी.

"किती किमतीचं रे?" आईने विचारलं. मी नेटवर्क गेल्याचं सांगितलं.

मग दुसरं नाणं काढलं. त्यावर सम्राट स्वच्छ होता, झिजलं होतं ते गावाचं नाव. सुरुवातीची तीन अक्षरं तेवढी शाबूत : अल्फा, न्यू, टाऊ. म्हणजे अँटिओक. सीरियातलं, पिसिडियातलं, मियांडर नदीकाठचं...

बायको म्हणाली, "जेवायला ये, नाहीतर मी झाकून ठेवते."